दवंडी आणि निरोप

बोलण्याला मर्यादा असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. पण ती मर्यादा नेमकी कोणावर घालायची, हे हल्ली पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

२०१२च्या नोव्हेंबरात पालघरच्या एका तरुणीने शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मैत्रिणीने त्यांना नुसती पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलमच रद्द केले. मत मांडणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, असे न्यायालयाने म्हटले. मला ते पटते. कुणाला राग येतो एवढ्यावरून जीभ बांधायची, तर तुकोबांनाही गप्प बसावे लागले असते.

पण धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला हे माप अपुरे पडते. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून! ती अफवा कोणाचे मत होते? दवंडी पिटणारा निदान चावडीपुढे उभा राही. खबर खोटी निघाली, तर गाव त्यालाच गाठी. मोबाइलवरच्या मजकुराला तोंडच नसते. तो येतो आपल्या आत्याकडून, मेहुण्याकडून; विश्वास त्यांच्यावरचा, शब्द भलत्याचेच.

म्हणून स्वतःच्या नावाने बोलणाऱ्याला ऐसपैस मोकळीक द्यावी आणि अंकुश ठेवायचाच तर पुढे ढकलणाऱ्या हातावर ठेवावा, असे मला वाटते. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली; २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुराला एकाच ठिकाणची मुभा ठेवली. त्याने कोणाची जीभ छाटली गेली नाही.

यावर कोणी बेचाळीसची आठवण देईल. भूमिगत पत्रके निनावीच असत, आणि ती पोचविणारे हातच मोलाचे होते. खरे आहे. पण गुप्त काँग्रेस रेडिओ चालविणाऱ्या उषा मेहतांना पुढे तुरुंग आहे हे ठाऊक होते; चार वर्षांची शिक्षा झालीही.

अडचण एवढीच, की राईनपाड्याआधी तो निरोप धाडणारे पुष्कळजण दुष्ट नसणार. एखाद्या आईने मुलांच्या काळजीनेच तो शेजारणीला पाठविला असेल. तिला शिक्षा करा असे लिहायला माझी लेखणी धजत नाही; आणि सोडून द्या म्हणावे, तर त्या पाच घरांत यंदा पणती कोण लावणार, हा प्रश्न काही हलत नाही.