फुकट मिळतं, पण हात लावता येतो का?

२०२१ साली पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये, निगडीला, संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू झाली. ज्याला त्याला नोकरीची काळजी: मराठीतून शिकलेल्या पोराला कंपनी घेईल का? मला त्याआधीचा प्रश्न पडला. मास्तर शिकवणार कशातून?

प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे. १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस मुंबईत मराठी-गुजरातीतून अभियांत्रिकीची शाळा चालवत होता, तेव्हा त्यालाही जगन्नाथशास्त्री क्रमवंतांना सोबत घेऊन आधी गणिताची पुस्तकं मराठीत तयार करावी लागली. शाळा पुढे टिकली नाही.

या खेपेला पुस्तकांची तजवीज दिल्लीनेच केली. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून उभा केलेला एनपीटीईएल हा व्हिडिओ व्याख्यानांचा प्रकल्प आहे, २०१७पासून ऑनलाइन अभ्यासक्रमांचं स्वयम् पोर्टल आहे, पुण्याच्या सीओईपीचा सहभाग असलेल्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत. सामान नाही, अशी ओरड आता करता येत नाही. पण या सामानाला हात लावायची मुभा शिक्षकाला किती, हे कुणी विचारत नाही. पीडीएफ उतरवता येते, छापता येते. त्यातलं उदाहरण बदलायचं म्हटलं की घोडं पेंड खातं.

आणि आपल्या पट्ट्यात तर उदाहरण बदलण्यातच सगळी गंमत आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही मशीन शॉपमध्ये डोकावा. सीएनसी लेथच्या प्रोग्राममध्ये जी०० लिहिलं की टूल हवेतून झपाट्याने जातं, जी०१ लिहिलं की ठरलेल्या फीडने मटेरियल कापत जातं. शेवटचा आकडा चुकला की टूल भरधाव येऊन जॉबवर नाहीतर चकवर आदळतं. इन्सर्ट फुटतो, कधी टरेटची अलाइनमेंट जाते, मशीन उभं राहतं आणि सुपरवायझर तोंडाचा पट्टा सुरू करतो. म्हणून नवख्याच्या हातात कोणी मशीन देत नाही, आणि हातात मिळत नाही म्हणून तो नवखाच राहतो. यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. लिनक्ससीएनसी हे मुक्त सॉफ्टवेअर, ज्याचं मूळ एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेतल्या कामात आहे, मशीन नसतानाही साध्या संगणकावर सिम्युलेशनमध्ये चालतं. तिथे पोराने हवं तितक्या वेळा जी००चा घोळ घालावा. रुपयाही जात नाही. याच सिम्युलेशनवर शेजारच्या कारखान्यातल्या खऱ्या शाफ्टचं ड्रॉइंग घेऊन शिक्षकाने धडा बेतला, ‘ऑफसेट दे’, ‘डाया प्लस येतोय’ ही शॉपवरची बोली त्यात घातली, तर पोरगं पहिल्या दिवशी कंपनीत गांगरणार नाही. असा धडा दिल्लीहून येणार नाही, आणि यंत्राने केलेल्या अनुवादातून तर नाहीच.

असं काम करून दाखवलेली जागा फार लांब नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उभा राहिला. धडा सुमारे दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. ऐकायचं, थांबवायचं, तेच स्वतः करून बघायचं. प्रत्येक वाक्य कितव्या सेकंदाला यायचं ते संहितेत लिहिलेलं असतं. भाषा बदलायची तर चित्र तेच ठेवून फक्त आवाज बदलतात. पडद्यावरचा मेनू इंग्रजी, समजावणं मराठीत. कंपनीत हेच तर चालतं! शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असल्याने कोणीही धडा बदलावा, वाटावा. मूळ कर्त्यांचं नाव ठेवावं आणि आपला बदलही त्याच अटींवर खुला करावा, एवढंच बंधन. धडे उतरवून घेतले की इंटरनेटही लागत नाही. सेकंड शिफ्ट संपवून खोलीवर परतणाऱ्या डिप्लोमाच्या मुलाला तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ही दहा मिनिटं परवडतात.

चाकणच्या मोठ्या कंपन्या कॅटिया हे विकतचं डिझाइन सॉफ्टवेअर मागतात, फुकटचं फ्रीकॅड कोण विचारतो, हा आक्षेप खोटा नाही. कॅटिया शिकावंच लागतं. पण स्केचला कन्स्ट्रेंट कसे द्यायचे, ही अक्कल एकदा आली की सॉफ्टवेअर बदलल्याने ती जात नाही, आणि ती यायला महागडं लायसन्स लागत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक स्वयम्‌वरून घेता येतात. म्हणजे दुसऱ्याने केलेला धडा ऐकणाऱ्याच्या पदरात श्रेयांक पडतात. तो धडा आपल्या पोरांसाठी नव्याने बेतणाऱ्या शिक्षकाच्या पदरात काय पडतं? प्रमाणपत्रं किती झाली हे कॉलेजं हौसेने मोजतात; धडे किती बदलले याला मस्टरवर रकानाच नाही. त्यात कित्येक शिक्षक क्लॉक अवर बेसिसवर, म्हणजे सीएचबीवर. त्यांना पैसे तासाचे मिळतात, आणि घरी रात्री बसून केलेला धडा हा ‘तास’ नव्हे. मग तो कोण आणि कशाला करेल? कोविडच्या काळात शिक्षकांनी ढीगभर व्हिडिओ केले, नोट्स केल्या. परवाना नाही, सूची नाही. व्हॉट्सॲपच्या गटांत सगळं वाहून गेलं. मला त्या अपव्ययाचा अजून राग येतो.

आयआयटी मुंबईच्याच, मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या फॉसी प्रकल्पाने यावर व्यवहारी तोड काढली. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांनी सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये कोड करून द्यायची, तपासणी झाली की मानधन घ्यायचं, आणि ते काम सर्वांसाठी खुलं. पैसा, तपासणी आणि परवाना, तिन्ही गोष्टी पहिल्यापासून ठरलेल्या.

आपल्याकडे हे व्हायला नव्या पोर्टलची गरज नाही. प्राचार्यांनी, शिक्षकाने केलेला खुला मराठी धडा त्याच्या कार्यभारात धरावा आणि सीएचबीवाल्याला त्याचे तासाप्रमाणे पैसे द्यावेत. भोसरी-चाकणच्या उद्योजकांनी सत्राला एखादं जुनं, बाद झालेलं ड्रॉइंग कॉलेजला द्यावं. त्यात गुपित असं काही उरलेलं नसतं. आणि शिक्षकांनो, पुढचा धडा कराल तेव्हा पहिल्याच पानावर परवाना लिहा.