आधी भाकर, मग प्रश्न

आजचे वाचन : १ राजे, अध्याय १८ व १९



काल मनन लिहिता आलं नाही, क्षमा असावी. काल सकाळपासून रात्रीपर्यंत आम्ही रस्त्यावर होतो. डेन्व्हरहून यलोस्टोनला निघालोय, भाड्याच्या आरव्हीने. आई, बायको, मुलगा आणि मी. शायेन, लॅरमी, रॉलिन्स आणि तिथून उत्तरेला वळून लँडर, म्हणजे सुमारे पावणेचारशे मैल. कारने हे अंतर काहीच वाटत नाही. पण आरव्ही म्हणजे अख्खं स्वयंपाकघर पाठीवर बांधून पळणं. ताटं वाजतात, कपाटांची दारं वाजतात, आणि उंच सपाट अंगावर वारा शिडासारखा भरतो.

लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० चा शंभर मैलांचा पट्टा वाऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे. एल्क माउंटनच्या पायथ्याशी वारा इतका माजतो की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता अनेकदा बंद करतात. काल बंद नव्हता, पण इशाऱ्याचे दिवे चमकत होते. शेजारून ट्रक गेला की गाडी आधी त्याच्याकडे ओढली जायची, मग बाहेर ढकलली जायची. रॉलिन्सला पोहोचेपर्यंत माझी बोटं स्टिअरिंगवर आखडून गेली होती. पुढे अजून सव्वाशे मैल बाकी.

कॅम्पग्राउंडवर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. गाडी मागे घेऊन जागेत लावायची होती. बायको टॉर्च घेऊन मागे उभी राहिली. ती "डावीकडे" म्हणाली, मी भलतीकडे वळवली आणि बंपर लाकडी टेबलाला घासला. फार काही झालं नाही. पण मी खिडकीतून ओरडलो, "सगळं मला एकट्यालाच करावं लागतं! तुम्ही सगळे नुसते बसून असता!"

शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती. भाषा त्यांना कळली नसेल, सूर कळला असेल. बायको काही बोलली नाही. तिने विजेची केबल काढली, खांबाला जोडली, आत आली. आईने डब्यातले धपाटे आणि लोणचं माझ्यापुढे ठेवलं. "आधी खा. बाकीचं उद्या." मी खाल्लं आणि बुटांसकट झोपलो.

सकाळी उठून मी बायकोला म्हटलं, "काल फार थकलो होतो गं, मनावर घेऊ नकोस." ती म्हणाली, "थकले तर मीही होते. मी काय बोलले?"

याला उत्तर नव्हतं. बायबल घेऊन बाहेर त्याच टेबलाशी जाऊन बसलो.

एलीयाची ही गोष्ट आपण थकलेल्यांना धीर द्यायला वाचतो, आणि ते योग्यच आहे. कर्मेलवर अग्नी उतरवणारा संदेष्टा ईजबेलच्या धमकीने पळतो, झुडपाखाली पडून मरण मागतो. परमेश्वर त्याला रागावत नाही. देवदूताकरवी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. रात्री आईने माझ्यासाठी हेच केलं. पण मी इथेच पुस्तक मिटत आलोय, हे आज लक्षात आलं. होरेबवर प्रश्न येतोच : तू इथे काय करतोस? भाकरीने प्रश्न पुढे ढकलला, रद्द केला नाही.

आणि एलीयाचं उत्तर बघा. आपण एकटेच उरलो आहोत, असं तो म्हणतो. वारा, भूकंप, अग्नी आणि तो मंद स्वर, एवढं सगळं झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न येतो आणि तो पुन्हा जवळजवळ शब्दशः तेच उत्तर देतो. (वाऱ्यावर लिहायचा आज फार मोह होतोय, पण नको.) आता मात्र तो जेवलेला आहे, झोपलेला आहे. म्हणजे ते वाक्य थकव्याचं नव्हतं. ते त्याचंच होतं, थकव्याने फक्त दार उघडलं.

शिवाय ते खरंही नव्हतं. शंभर संदेष्टे गुहांत लपवून जगवल्याचं ओबद्याने त्याला आदल्याच अध्यायात स्वतः सांगितलं होतं. सोबत चाकर होता, त्याला एलीयानेच बैर-शेबात मागे ठेवलं आणि मग एकटा रानात गेला. परमेश्वर त्याच्याशी वाद घालत नाही. नवं काम देतो आणि एक आकडा सांगतो : बआलापुढे न वाकलेले सात हजार.

मीही मग मोजायला बसलो. बायको दिवसभर उजव्या आरशावर नजर ठेवून होती, प्रत्येक ट्रक तिने मला आधी सांगितला. मुलगा दर अर्ध्या तासाने वाऱ्याचा अंदाज वाचत होता. एका खणाची कडी तुटली होती, तो उघडू नये म्हणून आई टाच लावून बसली होती. आज तिची टाच काळीनिळी आहे. तिने सांगितलं नाही, मोजे काढताना दिसली.

आणि बैर-शेबा? भाड्याने गाडी घेताना विचारलं होतं, दुसऱ्या चालकाचं नाव घालायचं का? बायको शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "गरज नाही, मीच चालवेन." तेव्हा मी थकलेलो नव्हतो. चांगला ताजातवाना होतो.

आत्ता तिच्याकडे गेलो. या वेळी थकव्याचं नाव काढलं नाही. "काल बोललो ते खोटं होतं, आणि काल सुचलेलंही नव्हतं," एवढंच म्हटलं. नाव घालायचं विचारलं. ती मागच्या टाकीचा पाइप सोडत होती. "ऑफिस नऊला उघडतं," ती म्हणाली आणि पाइपचं एक टोक माझ्या हातात दिलं.

प्रार्थना : प्रभू, आजही वारा आहे. आईची टाच बरी कर. नऊ वाजता तो फोन करायला मला विसरू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.