टँक, हीलर आणि स्वधर्माचा प्रश्न

पाच जणांच्या तुकडीत एकाने मार झेलायचा, एकाने जखमा भरायच्या आणि उरलेल्या तिघांनी शत्रूला लोळवायचे, ही ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातल्या डंजनची, म्हणजे तुकडीने मिळून सर करायच्या मोहिमेची, मूळ मांडणी आहे. ब्लिझार्ड कंपनीने हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. कामांची ही वाटणी मात्र त्याहून जुनी असून १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्येच ती रुजलेली होती. मार झेलणारा तो टँक, जखमा भरणारा तो हीलर आणि मारा करणारे ते डीपीएस. खेळाडू या वाटणीकडे डावपेच म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या डावपेचात धर्मविचारातला एक जुना प्रश्न उघडा पडतो: माणसाचे कर्तव्य कशावरून ठरते? जन्मावरून, स्वभावावरून, की इतरांच्या साथीने त्याने पत्करलेल्या कामावरून?

शत्रू कोणावर तुटून पडेल हे या खेळात नशिबावर सोडलेले नाही. प्रत्येक राक्षसापाशी प्रत्येक खेळाडूविषयीच्या रागाचा हिशेब असतो. खेळाडू त्याला थ्रेट किंवा अ‍ॅग्रो म्हणतात. ज्याच्या खात्यावर सर्वांत जास्त राग, त्याच्यावर वार. टँकने हा राग सतत स्वतःच्या खात्यावर ओढून घ्यायचा असतो. जवळून लढणारा कोणी टँकच्या ११० टक्क्यांपुढे गेला किंवा लांबून मारणारा १३० टक्क्यांपुढे गेला, की राक्षस टँकला सोडून त्याच्याकडे वळतो. म्हणून मेजने, म्हणजे लांबून मंत्र टाकणाऱ्या जादूगाराने, पहिल्याच क्षणी सगळी ताकद ओतली तर तो पराक्रम ठरत नाही, चूक ठरते. टँकचा जम बसेपर्यंत हात आखडता ठेवणे हे त्याच्या कौशल्याचे निम्मे अंग आहे.

हीलरची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. तो कोणालाही इजा करत नाही, तरी त्याच्या खात्यावर राग साचतो. जेवढा जीव त्याने भरून काढला त्याच्या निम्मा राग लढाईतल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. त्यामुळे ज्या राक्षसाला अजून कोणी हातही लावलेला नाही, तो थेट हीलरवर धावून येतो. शस्त्र न उचलणारा युद्धाबाहेर राहत नाही, हे महाभारताच्या वाचकाला नवे नाही. शस्त्र हाती न धरण्याचे ठरवून आलेला सारथीच त्या युद्धाचा कणा होता. हीलरला आपले हात स्वच्छ आहेत असे म्हणण्याची सोय नाही. तो ज्यांना जगवतो त्यांच्या प्रत्येक घावात त्याचा वाटा असतो आणि खेळाचे गणित तो वाटा नोंदवून ठेवते.

ही गुंतागुंत एका चढाईत नीट दिसते. २००७ साली आलेल्या ‘बर्निंग क्रुसेड’ या विस्तारातले ‘शॅटर्ड हॉल्स’ हे डंजन ऑर्क सैनिकांच्या मोठ्या घोळक्यांसाठी ओळखले जाई. घोळका दिसला की टँक थांबतो आणि शत्रूंच्या डोक्यावर खुणा ठेवतो. कवटी म्हणजे याला आधी मारायचे, फुली म्हणजे याला नंतर, आणि बहुतेक तुकड्यांत चंद्र म्हणजे याला मेजने मेंढी करून टाकायचे. ‘रोग’, म्हणजे लपूनछपून वार करणारा डीपीएस, दबक्या पावलांनी जाऊन लढाई पेटण्याआधीच एकाला गुंगवून येतो. मेज मंत्र टाकतो आणि चंद्राखालचा ऑर्क मेंढी होऊन जागच्या जागी फिरू लागतो. मंत्राची मुदत तेव्हा जास्तीत जास्त ५० सेकंद असे, आणि त्या मेंढीला कोणाचा ओझरता घाव लागला तरी मंत्र तुटतो. टँक मागे सरून भिंतीच्या कोपऱ्याआड जातो, कारण लांबून मंत्र टाकणाऱ्या शत्रूंना नजर पोहोचण्यासाठी मग जवळ यावेच लागते. या साऱ्यात एकाचे काम दुसऱ्याच्या संयमावर टेकलेले असते. डीपीएसमधल्या एकाने घाईने मोठ्या क्षेत्रावर मारा केला तर मेंढी जागी होते, टँकच्या हिशेबात नसलेला एक शत्रू मोकळा सुटतो आणि हीलरचा माना, म्हणजे मंत्रांसाठी लागणारी शक्ती, अर्ध्या लढाईतच संपतो.

अशा तुकडीला एकमेकांवर हक्क कुठून मिळतो? तत्त्वज्ञ मार्गारेट गिल्बर्ट यांनी १९९० मध्ये दोघांनी मिळून फिरायला जाण्याचे साधे उदाहरण घेऊन याचे उत्तर शोधले. दोघे बरोबर चालायला निघाले की त्यांच्यात संयुक्त बांधिलकी तयार होते. एकाने न सांगता वाट बदलली तर दुसऱ्याला त्याला टोकण्याचा अधिकार असतो, आणि ती बांधिलकी कोणा एकाच्या मर्जीने सुटत नाही. डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये ‘डंजन फाइंडर’ आले आणि निरनिराळ्या सर्व्हरवरचे अनोळखी लोक आपोआप एका तुकडीत येऊ लागले. त्याआधी सर्व्हर एकच असल्यामुळे नाव खराब होण्याची भीती असे. आता ती बरीच ओसरली. तरीही टँक पुढे सरला की चौघे त्याच्यामागे येतात आणि कोणी भलतेच केले तर बाकीचे हक्काने चिडतात. ओळख नाही, करार नाही, अनेकदा एक शब्दही बोलणे होत नाही, तरी कर्तव्य उभे राहते. कर्तव्याला नात्याचा किंवा कीर्तीचा आधार लागतोच असे नाही, हे यातून ठसठशीत दिसते.

भारतीय विचारात या जागी स्वधर्म येतो. गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत दुसऱ्याच्या चांगल्या जमणाऱ्या कामापेक्षा आपले उणे काम श्रेष्ठ मानले आहे, आणि १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हटले आहे. टँकने नुकसानीच्या आकड्यांच्या मोहात पडू नये, हीलरने जखमी साथीदाराला सोडून मारा करत बसू नये, ही शिस्त या शिकवणीशी सहज जुळते. अडचण पुढे आहे. गीतेत स्वभावातून आलेले कर्म वर्णाशी बांधले गेले आहे आणि व्यवहारात वर्ण जन्माने चिकटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या बांधणीच्या मुळावरच घाव घातला. जातिव्यवस्था ही नुसती श्रमविभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, ती उतरंडीत रचलेली आहे आणि माणसाची निवड किंवा कल यांना तिच्यात थारा नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

पाच जणांच्या तुकडीत हे दोन्ही विचार एकमेकांसमोर येतात आणि निवाडा बाबासाहेबांच्या बाजूने लागतो. इथे श्रमाची विभागणी कडक आहे, पण श्रमिकांची विभागणी नाही. स्क्वेअर एनिक्सच्या ‘फायनल फँटसी १४’मध्ये एकाच पात्राला हातातले हत्यार बदलून टँकचा हीलर होता येते. वॉरक्राफ्टनेही २००९ च्या एप्रिलमध्ये एकाच पात्राला दोन प्रकारची कौशल्ये बाळगण्याची मुभा दिली. आज टँक असलेला उद्या हीलर होतो, तरी आजच्या लढाईपुरते टँकचे कर्तव्य तसूभरही सैल पडत नाही. जन्माचा आधार काढून घेतल्यावर स्वधर्म ढासळेल ही भीती त्यामुळे निराधार ठरते. उलट स्वतः पत्करलेले काम टाळायला माणसापाशी सबब उरत नाही. अर्थात भूमिका इथेही गोठू शकते. हीलर कमी पडतात म्हणून एखाद्याला महिनोन्महिने तेच करायला लावले जाते, बाई खेळत असेल तर ती हीलरच असणार असे गृहीत धरले जाते. जिथे असे होते तिथे डावपेच संपून उतरंड सुरू होते.

स्वधर्माला अपवाद असतो का? महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरण आहे. संकटात नेहमीचे नियम वाकतात, असे ते मानते. टँक पडला आणि राक्षसाचा जीव थोडाच उरला असेल, तर हंटरचा, म्हणजे शिकाऱ्याचा, पाळीव प्राणी किंवा चपळ रोग काही सेकंद मार अंगावर घेतो, तेवढ्यात हीलरसुद्धा मारा करतो. हे योग्यच आहे. पण त्या धर्माला आपत्ती खरी असावी लागते. टँक उभा असताना त्याच्याआधी पुढच्या घोळक्यावर चाल करणारा डीपीएस आपद्धर्माचे नाव घेऊ शकत नाही.

तुकडी पूर्ण मेली, म्हणजे ‘वाइप’ झाली, की दोष कोणाचा हा वाद पेटतो. मेंढी जागी करणाऱ्याचा? माना सांभाळू न शकलेल्या हीलरचा? की चुकीच्या जागी लढाई सुरू करणाऱ्या टँकचा? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, वेगवेगळ्या हालचाली आणि दैव. आणि जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असे पुढे म्हटले आहे. ही पंचकारणी वाइपला नेमकी लागू पडते. जागा अरुंद होती, मारा घाईचा होता, शस्त्रे तोकडी होती, पावले चुकली आणि मेजचा मंत्र शत्रूने योगायोगाने परतवला, हे सारे एकाच वेळी खरे असते. मात्र कारणे पाच आहेत म्हणून जबाबदारी विरघळत नाही. दैव आणि जागा कोणाच्या हातात नसतात. संयम हातात असतो. चांगली तुकडी दोष तेवढ्याच भागावर ठेवते आणि पुन्हा उभी राहते.

उरतो फळाचा प्रश्न. शेवटचा राक्षस पडला की एखादीच मौल्यवान वस्तू मिळते आणि ती हवी असलेले दोघे-तिघे असतात. जुन्या पद्धतीत १ ते १०० मधला आकडा पडे आणि मोठा आकडा आलेला ती घेऊन जाई. सगळ्यांत उत्तम खेळलेला हीलर रिकाम्या हातांनी परतू शके. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा विचार इथे उपदेश न राहता रोजचा अनुभव होतो. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त निष्काम कर्म म्हणजे कर्म सोडणे नव्हे, हे आग्रहाने मांडले. फळाची इच्छा असलेला खेळाडू दोषी नाही. इच्छा आहे म्हणूनच तो आला. दोषी तो, जो आपल्याला नको असलेली वस्तू फासा टाळून उचलतो. खेळाडू त्याला ‘निन्जा’ म्हणतात, आणि गीतेने तर देवांनी दिलेले त्यांना त्यांचा वाटा न देता भोगणाऱ्याला सरळ चोर ठरवले आहे.

हवी ती वस्तू दुसऱ्या राक्षसापाशीच मिळाली म्हणून उरलेले डंजन सोडून जाणारा खेळाडू याच्या जवळचाच. ‘फायनल फँटसी १४’ अशाला ३० मिनिटे नव्या तुकडीत घेत नाही. हा दंड उपयोगाचा आहे, पण तो कर्तव्याचे कारण नव्हे. दंड नसता तरी त्या माणसाने उरलेल्यांशी केलेली बांधिलकी मोडली असतीच. सगळे पुरे झाल्यावर त्याच खेळात प्रत्येकाला एका साथीदाराला शाबासकीचे एक मत देता येते. ते देण्याची सक्ती नसते आणि देणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही.