खाडीकाठचे घर आणि दैव

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कात वसईच्या खाडीकाठी ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले, त्यांना मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली म्हणजे नाल्यांचे पाणी खाडीत न उतरता वस्तीकडे उलटते, हे सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. तशा पावसाचे भय वाढत असता अशा घराची जोखीम कोणी पत्करावी, हा प्रश्न व्यवहाराचा दिसला तरी मुळात धर्माचा आहे.

जोखमीचे मोल आपल्या शास्त्रकारांना ठाऊक होते. याज्ञवल्क्यस्मृतीने अरण्यातून जाणाऱ्या ऋणकोस दरमहा शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्यास शेकडा २० व्याज सांगितले. परंतु तो व्यापारी नफ्यासाठी संकट पत्करीत असे आणि सफर संपताच त्यातून सुटत असे. घरात राहणाऱ्यास तशी सुटका नाही. पुष्कळांच्या हप्त्यांतून थोड्यांची भरपाई करावी, हे विम्याचे तत्त्व. संकट अवघ्या वस्तीवर आणि वारंवार कोसळू लागले की तो हिशेब मोडतो. कॅलिफोर्नियात स्टेट फार्म या बलाढ्य कंपनीने आपत्तींची वाढती जोखीम व बांधकामाचा वाढता खर्च पुढे करून मे २०२३ मध्ये घरांच्या विम्याचे नवे अर्ज घेणे थांबविले. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी पुराची जोखीम घेते खरी. परंतु बहुसंख्य घरांचा विमाच उतरविलेला नाही, आणि हिशेबाचा नियम देश पाहून बदलत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायाने कर्माची पाच कारणे गणली: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि सर्वांत शेवटी दैव. पंचनाम्यावर ‘नैसर्गिक आपत्ती’ असा शेरा मारून आपण पहिली चार पुसून टाकतो. येथे अधिष्ठान म्हणजे ही सखल भूमी, जिची तिवरे आणि मिठागरे भरतीला वाव देत आली. आणि कर्ते म्हणजे खाडीकाठी भराव घालणारे, त्यास परवानगी देणारे, तसेच दूर देशी कोळसा व तेल जाळून हवा तापविणारे सारेच. कर्मविपाकाचा सिद्धान्त कर्त्यालाच भोक्ता मानतो. येथे कर्ते अनेक आणि भोक्ता मात्र तळमजल्यावरचे कुटुंब. त्या कुटुंबाला प्रारब्धाचा उपदेश करणे हा अध्यात्माच्या नावाने केलेला अन्याय होय.

म्हणून कर्म जितके सामायिक, तितकाच त्याच्या फळाचा भारही सामायिक असला पाहिजे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या इमारतीचा एकत्रित विमा उतरवावा. महानगरपालिकेने उरलेली तिवरे राखून नव्या भरावास मनाई करावी. आणि जी जोखीम कोणतीही कंपनी पत्करणार नाही, तिची तजवीज सरकारने सर्वांच्या करातून करावी. एवढे केल्यावरही जे पाणी घरात शिरेल, त्यालाच दैव म्हणण्याचा आपल्याला अधिकार राहील.