ना दगड, ना फूल

गोड्या मसाल्यासाठी दगडफूल निवडत बसले होते. समोर भाचा, वास्तुशांतीच्या पत्रिकेचा कागद घेऊन. पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, खोड जात नाही.

"तुझ्या बाबांना आंब्याच्या ओंडक्यावरची ती पांढरी बुरशी दाखवणार आहे. शायझोफायलम. पेराएवढा पंखा, पण तिच्यात नर-मादी भानगडच नाही. जोडी जमवण्याचे प्रकार तेवीस हजारांवर! म्हणावं, आता सांगा अनैसर्गिक काय ते."

"नको, मावशी."

"का रे? तुम्हाला गुन्हेगार ठरवलं ते निसर्गाच्याच नावावर ना? १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम, 'निसर्गक्रमाविरुद्ध'. २०१८ पर्यंत मानेवर होतं. आरोप ज्याच्या नावाने, साक्ष त्याचीच काढायची."

"साक्षीदार उभा केला की उलटतपासणी आली. मुंगीच्या अंगात शिरून तिला पानाला चावा घेऊन मरायला लावते, तीही बुरशीच. बाबांनी तिचं विचारलं तर?"

मुद्दा बिनतोड होता. मी कबूल केला नाही, ते वेगळं.

"मग बघायचंच नाही का निसर्गाकडे?"

"बघायचं की. दाखला मागायला जायचं नाही. उद्या तुझा आकडा चुकीचा निघाला, तर मी पुन्हा अनैसर्गिक?" मग जरा थांबून म्हणाला, "लहानपणी तुझ्या भिंगातून तो पंखा बघायचो ना, तेव्हा बरं वाटायचं. तिला कुणी विचारत नव्हतं, तू नक्की कोण."

यावर काय बोलणार? मी दगडफुलाचा एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. वरून राखाडी, खालून काळा.

"हा जीव एक की दोन? घर बुरशीचं, आत शैवाल. ते उन्हावर अन्न करतं, त्यावर दोघांचं चालतं. एकोणिसाव्या शतकात श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे मांडलं, तेव्हा दगडफुलांवर हयात घालवलेली माणसंच खवळली. एकाचे दोन निघालेले विद्वानांनाही सोसत नाहीत."

"आणि नाव कुणाचं लावतात?"

"शास्त्रीय नाव बुरशीचं. शैवाल त्यात धरत नाहीत."

बोलून गेले आणि नजर पत्रिकेवर गेली. 'आपले नम्र'च्या खाली एकच नाव.

"फ्लॅटचा हप्ता कोण भरतं?"

"दोघं."

"मग?"

"दोन नावं छापली तर बाबा यायचे नाहीत, मावशी."

मी कढईत तेल घातलं. दगडफूल परतायला लागलं की घरभर तो मातकट, धुरकट वास सुटतो. मागे वळून पाहिलं, तर तो पेनाचं टोपण काढून तसाच बसला होता.