भविष्य ठाऊक असलेल्याचे कर्तव्य

भूतकाळात जाऊन कोणी आपल्या आजोबांना त्यांच्या विवाहापूर्वीच ठार केले, तर मारणारा जन्मला कोठून? कालप्रवासाच्या विज्ञानकथांतील हा प्रसिद्ध पेच बुद्धीला गुंतवितो, अंतःकरणाला मात्र शिवत नाही. भूतकाळ बदलता येईल काय, यापेक्षा तो बदलावा काय, हा प्रश्न आम्हांस अधिक बिकट वाटतो. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या ६ एप्रिल १९६७ रोजी दाखविलेल्या भागात तो स्पष्टपणे मांडला गेला आहे.

औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय भूतकाळात शिरतो आणि त्याचे अंतराळयानच नाहीसे होते. त्याच्या शोधार्थ कप्तान कर्क व स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये उतरतात. निराधारांना अन्न देणाऱ्या ईडिथ कीलर हिच्यावर कर्कचे प्रेम जडते. पुढे उलगडा होतो तो असा : ईडिथ अपघातात मरावयाची होती. ती जगली, तर तिच्या शांतता-चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल, अणुबाँब प्रथम जर्मनीच्या हाती लागेल आणि हिटलर जिंकेल. अखेर मालमोटार ईडिथच्या अंगावर येते. तिला वाचविण्यास धावणाऱ्या मॅकॉयला कर्क घट्ट धरून ठेवतो.

दोघांत योग्य कोण? आमच्या मते दोघेही. मॅकॉयला समोरचे माणूस दिसत होते. कर्कला त्यापलीकडचे कोट्यवधी दिसत होते. ज्ञान बदलले की कर्तव्यही बदलते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. कर्कला लाभलेली खात्री ही कथाकाराची देणगी होती. आपल्याला भविष्याचा केवळ अंदाज असतो. तरीही 'व्यापक हित' आणि 'पुढील पिढ्यांचे कल्याण' हे शब्द सरकारी टिपणीत लिहिताना, जणू उद्याचे जग पाहूनच परतलो आहोत, अशा थाटात आपली लेखणी चालते. नियोजन नको, असे आम्ही म्हणत नाही. धरण बांधावयाचे, तर कोणाचे तरी शेत बुडणारच. पण कर्कने जे गमावले ते त्याचे स्वतःचे होते. आपण बहुधा दुसऱ्याचे गमावून मोकळे होतो.

म्हणून अंदाजाच्या बळावर एखाद्याला बाजूला सारण्याची वेळ आली, तर निदान त्या माणसाचे नाव टिपणीत असावे, आणि त्याचे म्हणणे आपण समक्ष ऐकलेले असावे. भविष्य न दिसणाऱ्यांवर एवढे बंधन तरी असलेच पाहिजे.