जागेचा वैशाख

जामसंड्याच्या आबांची थोरली नात दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि गवताच्या कामाला लागली. हापूसच्या गावातली मुलगी कलमं सोडून गवत राखायला जाते, याचं वाडीत सगळ्यांना नवल वाटलं. पण गोल्फच्या मैदानावर सगळा खेळ गवतावरच उभा असतो. ज्या हिरव्या तुकड्यावर चेंडू अखेर खळीत ढकलायचा, त्या ‘ग्रीन’वरचं गवत रोज पहाटे कापून तीन-चार मिलिमीटरवर ठेवावं लागतं. चार दिवस हयगय झाली की चेंडू सरळ धावत नाही. नातीनं हे काम मन लावून शिकून घेतलं आणि काही वर्षांतच तिच्याकडे दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. दोन्हीकडे रुजू व्हायचं होतं जूनमध्ये.

पहिलं ठिकाण किनाऱ्याजवळच्या एका सड्यावर नव्यानं उभं राहिलेलं गोल्फ रिसॉर्ट. अठरा होलचं मैदान, कातळ फोडून, बाहेरून माती-रेती आणून घडवलेले उंचवटे, खणून केलेली तळी, समुद्राकडे तोंड केलेल्या खोल्या. पगार आताच्या दुप्पट, शिवाय राहायला घर आणि गाडी.

दुसरं ठिकाण एका शहरातलं, इंग्रजी अमदानीतलं जुनं मैदान. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधीचा, १८२९ चा. त्याच परंपरेतलं हे मैदान. जमिनीचा उतार जसा होता तसाच राखलेला, दोन्ही अंगांना वड, चिंच आणि पर्जन्यवृक्षांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणारा खेळ. अशा मैदानाला गोल्फवाले ‘पार्कलँड’ म्हणतात. पगार मात्र बेताचा, यंत्रं जुनी, कचेरी पत्र्याची.

वैशाखात नात घरी आली, ती हा पेच घेऊनच. अढी लावता लावता तिनं आबांना सगळं सांगितलं. आबांनी एकच विचारलं, “दोनव जागे खंयच्या दिवसात बघलंस?”

“चतुर्थीच्या सुट्टीत.”

“मगे तू कायच बघूक नाय. भादव्यात आमचो सडोसुद्धा फुलान भरता.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबा तिला बागेत घेऊन गेले. त्यांच्या जमिनीचे दोन तुकडे. गडग्याच्या खालच्या अंगाला आबांच्या वडिलांनी लावलेली जुनी कलमं. कातळात सुरुंगाचे खड्डे घेऊन, त्यात माती भरून लावलेली. पहिली काही वर्षं घरच्या बायकांनी घागरीनं पाणी वाहिलं; मुळं कातळाच्या भेगांत उतरली आणि मग कलमांनी पाणी मागितलं नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि जांभ्यावरून तो झरझर समुद्राकडे धावतो. जे झाड त्या चार महिन्यांवर उरलेले आठ महिने काढतं, ते इथलं झालं. खाली पाचोळ्याचा जाड थर होता. हात घातला तर आतली माती अजून गार लागत होती.

गडग्याच्या वरचा तुकडा मुंबईच्या काकांचा. त्यांनी सडा यंत्रानं सपाट करून घेतला, दाट कलमं लावली, ठिबक टाकलं. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. दरवर्षी मोहोर यावा म्हणून काकांनी कल्टार सुरू केलं. हे औषध पालवीची वाढ रोखतं आणि झाडाला मोहोराकडे वळवतं. ते मापात द्यावं आणि सोबत खताची मात्रा वाढवावी, एवढं पथ्य असतं. काकांनी औषध चुकवलं नाही, खत मात्र राहून गेलं. तरी पहिली काही वर्षं वरचा तुकडा असा लगडायचा की येणारा-जाणारा थांबून बघायचा. यंदा एप्रिलात टाकी आटली, टँकर आठवडाभर आला नाही, आणि सुपारीएवढी फळं झाडाखाली पसरली.

आबा गडग्यावर टेकले. म्हणाले, “ह्या बागेक माणूस होयो, त्या बागेक टँकर.”

नात म्हणाली, “म्हणजे आबा, जुना ता चांगला, असा म्हणतास?”

आबांनी मान हलवली आणि जुन्या बागेतल्या एका मोकळ्या जागेकडे बोट केलं. तिथे मागल्या पावसाळ्यात लावलेलं कोय कलम उभं होतं. त्याच्याभोवती काट्याचं कुंपण होतं, आणि आळ्यात त्या सकाळी घातलेलं पाणी. “जुनी म्हणान ही रवली नाय. मेला त्येच्या जागार नवा लावला, म्हणान रवली. तू आता जा आणि दोनव जागे परत बघून ये. पाणी खंयसून येता ता पयला इचार.”

नात गेली.

रिसॉर्टवर पोचली तेव्हा ऊन रणरणत होतं, आणि मैदान चतुर्थीत दिसलं होतं तितकंच हिरवं होतं. पाहुण्यांना ते सुंदर वाटलं असेल. तिला आता त्याची काळजी वाटली. तिनं वहीत मांडणी केली. भर उन्हाळ्यात गवताला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागतं. एका एकरावर पाच मिलिमीटर म्हणजे वीस हजार लिटर. इथे गवताखाली साठ एकर. म्हणजे रोजचे बारा लाख लिटर. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलं आहे. त्या मापानं हे जवळजवळ बावीस हजार माणसांचं पाणी होतं. पावसाळ्यात भरलेली तळी मार्चमध्येच तळाला गेली होती. पुढचं पाणी बोअरवेलचं आणि टँकरचं. सड्याच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतल्या विहिरीवर कळशांची रांग लागली होती. एका बाईनं तिला सांगितलं की या विहिरीला पूर्वी मे अखेरपर्यंत पाणी असायचं.

तिथले व्यवस्थापक भले गृहस्थ होते. त्यांनी काही लपवलं नाही. “पाहुणे डिसेंबर ते मे येतात, आणि त्यांना फोटोतल्यासारखं हिरवं हवं असतं,” ते म्हणाले. नातीनं सुचवलं की खेळाला लागतं तेवढंच गवत ठेवू, बाकीचा सडा मूळचा होऊ दे. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टच्या प्रसिद्ध ‘नंबर टू’ मैदानानं २०१०-११ मध्ये हेच केलं. सुमारे ३५ एकर गवत काढून तिथे मूळची वाळू आणि रानगवत येऊ दिलं, हजाराहून जास्त असलेले पाण्याचे फवारे साडेचारशेवर आणले, आणि २०१४ मध्ये त्याच तपकिरी कडांच्या मैदानावर पुरुषांची आणि महिलांची अमेरिकन ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली. व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मालकांना सांगून पाहतो म्हणाले.

तिथून ती जुन्या मैदानावर गेली. ते पिवळं पडलं होतं. तिनं गुडघ्यावर बसून चाकूनं मातीचा एक तुकडा काढला. मैदानावर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी. ती उन्हात रंग टाकते, जीव टाकत नाही. मातीतली धावती खोडं तग धरून असतात आणि पहिल्या सरीला फुटतात. तिच्या हातातल्या तुकड्यात ती पांढरीशुभ्र आणि ताठ होती. पाणी फक्त ग्रीनला आणि जिथून पहिला टोला मारतात त्या चौथऱ्यांना दिलं जात होतं, आणि तेही शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी. झाडांच्या सावलीत भर दुपारी म्हातारे सभासद खेळत होते.

पण तिला तिथले दोषही दिसले. वडांच्या रांगेत मोठी भगदाडं पडली होती, आणि गेलेल्या झाडाच्या जागी कित्येक वर्षांत कोणी रोप लावलं नव्हतं. सावली फार दाट झाली होती तिथे गवत मरून माती उघडी पडली होती. त्यात समितीतल्या काही जणांना टीव्हीवर दिसतं तसं बारमाही हिरवं मैदान हवं होतं, आणि त्यासाठी बोअरवेल खणायचा विचार सुरू होता. हे मैदानही दहा वर्षांत टँकरच्या दारी जाऊन उभं राहिलं असतं.

तिनं समितीला दोन अटी सांगितल्या. उन्हाळ्यात मैदान पिवळं दिसू द्यायचं, आणि दर पावसाळ्यात प्रत्येक भगदाडात रोप लावून तीन वर्षं ते जगवायचं. चर्चा लांबली. शेवटी सर्वांत वयस्कर सभासद म्हणाले, “ज्या झाडांखाली आम्ही खेळलो, ती लावणाऱ्यांनी त्यांची सावली पाहिलीच नव्हती.” दोन्ही अटी मान्य झाल्या.

दुप्पट पगार सोडून ती तिथे रुजू झाली. घरात हळहळ झाली; आईनं बोलूनही दाखवलं, आणि त्यात आईचं चुकलं नाही, कारण पैशाची गरज त्या घराला होतीच. नातीनं उत्तर दिलं, “आई, तिथे मला रोज कुणाच्या तरी विहिरीतलं पाणी ओतून माझं काम चांगलं दाखवावं लागलं असतं.”

हा प्रश्न एका मुलीच्या नोकरीपुरता नाही. आपल्या रेडी-शिरोड्याला लागून असलेल्या गोव्याच्या तेरेखोल गावात गोल्फ रिसॉर्टवरून गावकरी आणि कंपनी यांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. कोकणातल्या सड्यांकडे आज पुष्कळ जण ‘मोकळी, पडीक जमीन’ म्हणून बघतात. पण याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आणि २०२२ मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आपल्या जिल्ह्यातलं कुडोपी त्यातच आहे. या कातळातून झिरपणाऱ्या पाण्यावर खालच्या विहिरी जगतात. नवं काही करूच नये, असं आबांनी कधी म्हटलं नाही. जे करायचं ते इथल्या चार महिन्यांच्या पावसात बसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

बोध असा, की श्रावण-भाद्रपदात सगळंच हिरवं असतं, म्हणून तेव्हाची हिरवळ कशाचाच पुरावा नसते. नोकरी धरायची असो, जमीन घ्यायची असो, गावात येणाऱ्या प्रकल्पाला होकार द्यायचा असो, ती जागा एकदा वैशाखात जाऊन बघा. तेव्हाही ती हिरवी दिसली, तर ते पाणी कोणाच्या विहिरीतलं आहे, हे विचारल्याशिवाय सही करू नका.